स्कॉर्पिओ क्लासिक की स्कॉर्पिओ-एन?

जून २०२२ मध्ये एन आली, पण महिंद्राने जुनी गाडी बंद केली नाही. 'क्लासिक' नाव देऊन ती शेजारीच विकायला ठेवली. तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी.

क्लासिकचं २.२ लिटर डिझेल इंजिन साधारण १३० हॉर्सपॉवरचं. गिअर हातानेच टाकायचे, फोर बाय फोर मिळत नाही. पण तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकलाही ही गाडी पाठ आहे. शिवाय ती ४.४६ मीटर लांब, तर एन ४.६६. रुंदीतही एन जवळजवळ दहा सेंटिमीटरने जास्त. वाड्याच्या बोळात राहणाऱ्यांनी आधी टेप काढावा!

एनमध्ये पेट्रोल आहे, ऑटोमॅटिक आहे आणि डिझेलच्या काही मॉडेलांत फोर बाय फोरही. घाटात वळण घेताना तिचं अंग जुनीइतकं झुकत नाही, मागे बसणाऱ्यांना हे लगेच कळतं. मात्र तिसरी रांग उभी असेल तर डिकीत जेमतेम दोन-तीन पिशव्या मावतात.

माझ्या मते खरा निकाल सुरक्षिततेवर लागतो. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले होते. आजच्या क्लासिकमध्ये दोन एअरबॅग आहेत, हे खरं. पण एनला २०२२ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. घरात लहान मुलं आणि महामार्गाचा प्रवास असेल, तर एनचं खालचं मॉडेल घ्या, सनरूफ नसलं तरी चालेल. क्लासिकच्या काही मॉडेलांत मागची बाकं आडवी, समोरासमोर असतात. तिथे तर मुलांना बसवूच नका.