जुनी गोटी, नवी गोटी आणि व्यापाऱ्याचे बिल

काचेच्या गोट्या म्हटल्या की आपल्याला गल्लीतील मुलांचा खेळ आठवतो. परंतु युरोप व अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या गोट्या जमविणाऱ्या शौकिनांचा मोठा वर्ग आहे. त्यांची संस्था अमेरिकेत १९७५ साली स्थापन झाली. एखाद्या दुर्मिळ गोटीला शेकडो, क्वचित हजारो डॉलर मिळतात. जुन्या मालाला असे मोल येते तेव्हा जुना म्हणून खपविलेला नवा मालही पाठोपाठ येतो. आपल्या पैठणी, हिमरू व बिदरीच्या बाजारातही हाच प्रश्न आहे. म्हणून या लहानशा बाजाराची हकीकत व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखी आहे.

अस्सल माल कसा बनत असे?

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचे डोंगरातील गाव आहे. तेथे १५९७ साली काचेची भट्टी सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे गोट्यांसाठी एक खास कात्री वापरात आली. तिच्या एका तोंडाला वाटी व दुसऱ्याला पाते असे. कारागीर स्वच्छ काचेवर रंगीत काचेचे पट्टे चढवीत, त्यावर पुन्हा काच घेत आणि जाड कांडी ओढीत. कांडी मऊ असतानाच तिला पीळ देत. मग तिचे टोक वाटीत फिरवून गोल करीत व पात्याने तोडीत. म्हणून या गोटीतील रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पीळ घेत जातात आणि दोन्ही टोकांना तोडल्याची खूण राहते. या खुणेला जाणकार 'पॉन्टिल' म्हणतात. कांडीच्या अगदी टोकाच्या गोटीला एकच खूण असते.

पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे मार्टिन ख्रिस्तेन्सेन यांनी यंत्र तयार केले व १९०५ साली त्याचे पेटंट मिळविले. खाचांच्या फिरत्या रुळांमध्ये काचेचा तुकडा गोल होऊ लागला. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, जर्मन मालाची आवक बंद पडली आणि यंत्रावरील मालाने बाजार घेतला. आज जर्मन हातगोटीप्रमाणेच त्या काळच्या अमेरिकन यंत्रगोटीलाही गिऱ्हाईक आहे.

फसवणुकीचे प्रकार

पहिला प्रकार नव्या हातगोटीचा. आजही उत्तम काच कारागीर जुन्या पद्धतीने गोट्या करतात, त्याखाली आपली अक्षरे व वर्ष कोरतात. मधला विक्रेता ती अक्षरे घासून टाकतो आणि गोटी दीडशे वर्षांची होते.

दुसरा प्रकार पॉलिशचा. खेळून टवके गेलेली जुनी गोटी घासून चकचकीत करतात. माल जुनाच असतो, पण मूळचा पृष्ठभाग जातो, पॉन्टिल पुसट होते, आकार थोडा घटतो. जाणकार अशा गोटीला बरीच कमी किंमत देतात. पॉलिश केल्याचे न सांगता विकणे ही फसवणूकच होय.

तिसरा प्रकार 'सल्फाईड' गोटीचा. हिच्या स्वच्छ काचेत प्राण्याची वा माणसाची पांढरी मूर्ती असते. रंगीत काचेतील सल्फाईड दुर्मिळ, म्हणून फार महाग. मँगनीज असलेली जुनी काच किरणोत्साराने जांभळी होते. याचा फायदा घेऊन साध्या गोटीला रंग आणून ती दुर्मिळ म्हणून विकतात.

चौथा प्रकार चित्रांचा. इलिनॉयमधील पेल्टियर कंपनीने कार्टूनची चित्रे असलेल्या गोट्या काढल्या होत्या. अस्सल गोटीवर चित्र भाजून बसविलेले असते. नकली गोटीवर ते वरून चिकटविलेले असते आणि नखाला लागते.

याशिवाय जुन्या कंपन्यांच्या खोक्यांची नक्कल करून त्यात सुट्या गोट्या भरल्या जातात. खोके पाहून गिऱ्हाईक आतला माल तपासत नाही.

पारख कशी करावी?

भिंगाखाली प्रथम दोन्ही टोके पाहावीत. नंतर झीज पाहावी. खेळलेल्या गोटीवरचे चंद्रकोरीसारखे ठोके कोठेही, कमीजास्त असतात. मुद्दाम झिजविलेल्या गोटीवरची झीज सगळीकडे सारखी दिसते. अतिनील दिव्याखाली काही काच हिरवी चमकते, पण केवळ त्यावरून वय ठरत नाही, कारण तशी काच नव्यानेही बनते. एका खुणेवर सौदा करू नये. बनावट, झीज, रंग व आकार यांचा मेळ बसला पाहिजे.

आपल्याकडच्या गोटी सोड्याचेही उदाहरण घ्या. हायरम कॉड या इंग्रजाने या बाटलीचे पेटंट १८७२ च्या सुमारास घेतले. बाटली फोडून काढलेली गोटी बहुधा एकरंगी व साधी असते. अशा बाटल्या भारतात एकविसाव्या शतकातही बनत राहिल्या. तेव्हा केवळ बाटलीचा नमुना जुना आहे म्हणून ती बाटली किंवा तिच्यातली गोटी जुनी ठरत नाही.

नुकसान कोणाचे?

जुन्या नमुन्यावर नवा माल करणे हा हुन्नर आहे, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते मालाचे वय लपविणे. गिऱ्हाईक एकदा फसले की ते अस्सल जुन्या मालालाही हात लावीत नाही. नव्या कारागिराचे नुकसान तर दुहेरी होते. त्याचे नाव घासले जाते व नफा दुसऱ्याच्या खिशात जातो.

आमच्या कापडाच्या धंद्यात हे रोज दिसते. हातमागाची अस्सल पैठणी मागच्या बाजूनेही पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या साडीच्या मागे धागे लोंबतात. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणून विकली तर तिलाही गिऱ्हाईक आहे. ती हातमागाच्या भावाने विकली की येवल्याच्या विणकराची मजुरी बुडते. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, हातमागासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' आहे. पण दुकानदार बिलावर खरे लिहीत नसेल तर अशा शिक्क्यांचा उपयोग काय?

म्हणून कारागीर बंधूंनी आपल्या मालावर सहज न निघणारी खूण व वर्ष घालावे. व्यापाऱ्यांनी बिलावर माल जुना की नवा, हाताचा की यंत्राचा, दुरुस्त केलेला की मूळचा, हे स्पष्ट लिहावे. आणि घेणाऱ्याने असे बिल मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जो विक्रेता तोंडाने 'शंभर वर्षांचा माल' म्हणतो पण बिलावर तसे लिहायला तयार होत नाही, त्याच्याकडून माल न घेतलेलाच बरा.