आठवण, साधन आणि इतिहास

कादंबऱ्या व नाटकें एका फळीवर लावलीं, कीं घरांतील उरलेलीं पुस्तकें ‘माहितीचीं’ म्हणून दुसऱ्या फळीवर जातात. तेथें इतिहास, बखर, चरित्र, आठवणी, प्रवासवर्णन हीं सारीं शेजारीं बसतात आणि वाचकही तीं एकाच श्रद्धेनें वाचतो. वस्तुतः यांतील प्रत्येक नांव म्हणजे लेखकानें दिलेलें निराळें वचन होय. तें न ओळखतां वाचणारा नसतें तें मागतो आणि असतें तें सोडून देतो.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं शहरांत राहून पाहिला. हा झाला प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त. उलट, काडतुसांच्या प्रकरणाविषयीं जें त्यांनीं लिहिलें, तें वाटेंत शिपायांच्या तोंडून ऐकलेलें. ही ऐकीव वार्ता. लेखणी एकच, पण दोन्ही मजकुरांचें वजन सारखें नव्हे. मात्र ऐकीव म्हणजे टाकाऊ, असेंही कोणीं समजूं नये. बंडाची मसलत कशी झाली याचा पुरावा म्हणून ती वार्ता कच्ची. पण शिपायांत त्या वेळीं काय बोललें जात होतें, याचा पुरावा म्हणून ती चांगली पक्की आहे.

शिवाय गोडसेभटजींनीं हें सारें सुमारें पंचवीस वर्षांनीं आठवून लिहिलें. म्हणजे ही रोजनिशी नव्हे. रोजनिशी लिहिणाऱ्यास उद्यांची वार्ता नसते. आठवणी लिहिणाऱ्यास शेवट ठाऊक असतो आणि नकळत तो आरंभापासूनच त्या शेवटाकडे चालूं लागतो. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकास ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ असें नांव दिलें. त्यांतील ‘कांहीं’ हा शब्द किती प्रामाणिक आहे!

आणखी एक शब्द ‘संपादन’. गोडसेभटजींचें पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं छापलें, तें मूळ लेखनांत फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां ‘गोडसे म्हणतात’ असें लिहितांना आवृत्ति न सांगणें म्हणजे कदाचित् वैद्यांचें वाक्य भटजींच्या पदरीं बांधणें होय.

‘साधन’ आणि ‘इतिहास’ यांचीही अशीच गल्लत होते. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हां त्यांतील पत्रांच्या आधारें बखरींची कठोर परीक्षा केली. पत्र, बखर, आठवण हीं साधनें. तीं एकमेकांशीं ताडून जें लिहितात तो इतिहास. राजवाड्यांचा बखरींवरील राग किंचित् अधिकच होता, पण त्यांची कसोटी अजून उपयोगीं पडते.

लिहिणाऱ्यास तर तिची गरज घरींच लागते. कुलवृत्तान्त लिहूं लागलें, कीं कोणी ना कोणी पूर्वज पानिपतावर पडलेला निघतोच! कागद पाहून लिहिलें असल्यास तो कागद कोठें आहे, हें तळटीपेंत द्यावें. आजीकडून ऐकलें असल्यास तिचें नांव व ऐकल्याचें साल टिपावें. दोन्ही नसलें, तरी हकीकत गाळण्याचें कारण नाहीं. वाक्याच्या आरंभीं ‘घरांत असें सांगतात’ एवढे तीन शब्द घातले म्हणजे झालें.