कीबोर्डला ‘सातारा’ ठाऊक नाही!

५०, १८, ३८, १८, ३६, १८.

ओळखा पाहू, हे कोणतं गाव? नाही जमलं? मग दुसरं घ्या : ५०, १८, ४५, २३, ४९, १९.

पहिलं आहे सातारा आणि दुसरं सांगली! दोन्ही नावं ‘सा’नं सुरू होतात, म्हणून दोन्हीकडे आधी ५० आणि मग १८. तुम्ही शाळेच्या कॉम्प्युटरवर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड निवडून ही नावं टाइप केलीत, तर कॉम्प्युटरच्या पोटात अगदी हेच आकडे पोचतात. ‘सा’ नाही, ‘ता’ नाही, ‘रा’ तर नाहीच. कीबोर्डला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. त्याला एवढंच सांगता येतं, की अमुक नंबरचं बटण दाबलं, अमुक नंबरचं सोडलं.

हे कच्चे आकडे सर्वांत आधी ज्याच्या हाती पडतात, त्याचं नाव कर्नेल. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स या सगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम. त्यातल्या प्रत्येकीचा अगदी आतला गाभा म्हणजे कर्नेल. आपण लिनक्सचा कर्नेल बघूया, कारण तो कुणालाही उघडून वाचता येतो. हेलसिंकीत शिकणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलानं तो १९९१ साली लिहायला घेतला. आज जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या आत तोच आहे. म्हणजे बहुधा तुमच्या घरातसुद्धा!

आकडे आले कुठून?

कीबोर्ड समोर घ्या आणि मोजा. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केप हे १ नंबरचं बटण. मग आकड्यांची ओळ. त्या ओळीतलं पहिलंच, १ च्याही डावीकडचं बटण मात्र सोडून द्या. आता १ चं बटण झालं २ नंबरचं, २ चं झालं ३ नंबरचं, असं करत बॅकस्पेस येतं १४ वर. खालच्या ओळीत टॅब १५, क्यू १६, डब्ल्यू १७ आणि ई बरोबर १८! इन्स्क्रिप्टमध्ये याच ई च्या बटणावर काना आहे. ‘सातारा’मध्ये काना तीन वेळा येतो, म्हणून १८ सुद्धा तीन वेळा आला.

हे क्रमांक आले १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीच्या ८३ बटणांच्या कीबोर्डवरून. कीबोर्ड बदलले, कॉम्प्युटर खिशात मावायला लागले, पण लिनक्समध्ये ई अजून १८ च आहे.

आता तुमची पाळी. ४६, ३३, ३६, २५ हे कोणतं गाव? एक मदत करतो : सांगलीच्या अगदी शेजारचं, सतारी आणि तंबोरे घडवणारं गाव. बरोबर, मिरज! म ४६, पहिली वेलांटी ३३, र ३६, ज २५. गंमत बघा, वेलांटी दिसते ‘म’च्या आधी, पण बटण दाबायचं ‘म’च्या नंतर. कर्नेल तिला उचलून डावीकडे नेत नाही. जे ज्या क्रमानं आलं, ते त्याच क्रमानं पुढे देतो. वेलांटी जागेवर बसवायचं काम नंतर दुसरे प्रोग्राम करतात.

एका बटणाचा प्रवास

‘सातारा’तला ‘स’ घेऊया. तो एम च्या बटणावर आहे. आपण बटण दाबतो तेव्हा आत दोन तारा एकमेकींना टेकतात. शंभरेक बटणांसाठी शंभर वेगळ्या तारा ओढलेल्या नसतात. काही तारा आडव्या, काही उभ्या. ८ आडव्या आणि १६ उभ्या तारा घेतल्या, तर २४ तारांत १२८ बटणं बसतात. कीबोर्डमधली छोटी चिप एकेक तार तपासत सतत फिरत असते : कुठे टेकल्या का? कुठे टेकल्या का?

टेकतानाही तारा शहाण्यासारख्या टेकत नाहीत. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात त्या अनेकदा टेकतात आणि सुटतात. चिपनं घाई केली, तर एकदा दाबलेला ‘स’ चारदा उमटेल! म्हणून ती क्षणभर थांबते आणि खात्री पटली की नंबर पाठवते. बहुतेक लॅपटॉपमध्ये ‘एम दाबलं’ याचा नंबर ५० आणि ‘एम सोडलं’ याचा १७८. वजाबाकी करा बरं. १२८! जवळजवळ प्रत्येक बटणाचं असंच, सोडतानाचा नंबर दाबतानाच्या नंबरापेक्षा १२८ नं मोठा.

यूएसबी कीबोर्डची तऱ्हा निराळी. तो आपणहून बोलतच नाही. कॉम्प्युटरमधला यूएसबी कंट्रोलर दर काही हजारांश सेकंदांनी त्याला विचारतो, “नवीन काही?” काही असलं तर तो साधारणपणे ८ बाइटचं उत्तर देतो. त्यात एम चा नंबर ५० नसून १६ असतो, कारण यूएसबीवाल्यांनी बटणांना ए, बी, सी अशा क्रमानं आकडे दिले आणि ए ला ४ दिला. मग १६ चे ५० कोण करतं? कर्नेल! त्याच्याकडे एक तक्ता असतो. त्यात बघून तो १६ च्या जागी ५० ठेवतो. त्यामुळे कीबोर्ड कुठल्याही जातीचा असो, पुढच्या प्रोग्रामला काहीच फरक पडत नाही.

आधी माझं ऐक!

कॉम्प्युटरचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोक्यांच्या वेगानं चालतो असं धरा. तुम्ही भरभर टाइप केलं, सेकंदाला पाच बटणं दाबली, तरी दोन बटणांच्या मध्ये त्याचे ६० कोटी ठोके होऊन जातात. एवढा वेळ तो कीबोर्डकडे टक लावून बसला, तर गाणं कोण वाजवणार आणि चित्र कोण दाखवणार?

म्हणून तो बसतच नाही. तो आपली कामं करत राहतो. बटणाचा नंबर आला की एक विजेचा इशारा त्याच्यापर्यंत जातो. याला म्हणतात इंटरप्ट. इशारा मिळताच प्रोसेसर हातातलं काम कुठवर आलं ते नोंदवून ठेवतो आणि कर्नेलच्या एका छोट्या तुकड्याकडे वळतो. हा तुकडा नंबर उचलतो, रांगेत ठेवतो आणि लगेच मोकळा होतो. प्रोसेसर पुन्हा मूळ कामावर! गाणं ऐकणाऱ्या तुम्हाला पत्ताही लागत नाही. नंबर आल्यावर कर्नेल त्याची वाट बघत झोपलेल्या प्रोग्रामला उठवतो. हो, प्रोग्राम खरंच झोपतात. तुम्ही टाइप करत नसता, तेव्हा लिहिण्याचा प्रोग्राम प्रोसेसरचा वेळ जवळजवळ वापरतच नाही.

सगळ्यांना दार उघडं का नाही?

तुम्ही विचाराल, प्रोग्रामनं थेट कीबोर्डकडूनच नंबर का घेऊ नयेत? मध्ये कर्नेल कशाला?

समजा, एका खिडकीत तुम्ही गेम उघडला आहे आणि दुसऱ्या खिडकीत आई बँकेचा पासवर्ड टाइप करते आहे. गेमला कीबोर्डचे कच्चे आकडे थेट वाचता आले असते, तर आईचा पासवर्डही त्यानं वाचला असता. म्हणून प्रोसेसरमध्येच दोन पातळ्या केलेल्या असतात. यंत्रांना थेट हात लावायची मुभा फक्त कर्नेलच्या पातळीला. साध्या प्रोग्रामनं तसा प्रयत्न केला, की प्रोसेसर त्याला तिथेच अडवतो आणि कर्नेल तो प्रोग्राम बंद करून टाकतो.

मग ५० चा ‘स’ होतो कुठे? कर्नेलच्या बाहेर! तुम्ही इन्स्क्रिप्ट निवडलं असेल तर बाहेरचा प्रोग्राम ५० चा ‘स’ करतो, इंग्रजी निवडलं असेल तर ‘एम’. हा ‘स’ साठवायला ३ बाइट लागतात. ‘सातारा’मधल्या सहा चिन्हांना १८ आणि ‘सांगली’लाही १८. सातारा जिल्ह्यातल्या वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. कॉम्प्युटरवर टाइप केलेला विश्वकोशाचा एकेक शब्दही असाच आधी आकडा आणि मग अक्षर होऊन आलेला असतो.

दूध डेअरीतला काटा

कर्नेलकडे फक्त कीबोर्डच येतो असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत दूध संकलन केंद्रात इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅट मोजायचं यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. काट्यावर कॅन ठेवला की वजनाचे आकडे वायरमधून एकापाठोपाठ एक येतात.

अशा वायरीवरून आलेला मजकूर पुढे द्यायच्या लिनक्सकडे दोन पद्धती आहेत. एकीत कर्नेल पूर्ण ओळ जमेपर्यंत थांबतो. मध्ये बॅकस्पेस आलं तर आधीचं अक्षर स्वतःच खोडतो आणि एंटर आल्यावर अख्खी ओळ हवाली करतो. माणूस टाइप करत असेल तर ही पद्धत छान. पण यंत्र कुठे चुका खोडत बसतं? त्याच्यासाठी दुसरी पद्धत, कच्ची : जो बाइट जसा आला तसा, हात न लावता पुढे. कोणती पद्धत हवी ते प्रोग्रामनं सांगायचं आणि कर्नेलनं पाळायचं.

पेनड्राइव्ह ओढू नका!

आता उलटा प्रवास, कॉम्प्युटरकडून बाहेर. पेनड्राइव्हवर फोटो कॉपी केले, ‘झालं’ असं दिसलं, तरी दिवा लुकलुकत असतो. का बरं?

डेअरीत दूध घातलं आणि पावती मिळाली की आपण घरी येतो. पण दूध अजून केंद्रातच असतं, टँकर नंतर येतो. कर्नेलही तसंच करतो. प्रोग्रामनं दिलेला मजकूर आधी मेमरीत ठेवून घेतो आणि ‘मिळालं’ म्हणून सांगतो. पेनड्राइव्ह मेमरीपेक्षा फार हळू असतो, म्हणून प्रत्यक्ष लिहिणं मागाहून चालतं. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीत कर्नेलची लिहिणारी मंडळी दर ५ सेकंदांनी जागी होतात आणि ३० सेकंदांहून जुना मजकूर आधी लिहायला घेतात.

शिवाय पेनड्राइव्हवर सुटं अक्षर लिहिताच येत नाही. निदान ५१२ बाइटचा अख्खा ठोकळा लिहावा लागतो. ‘सातारा’चे १८ बाइट बदलायचे, तरी पूर्ण ठोकळा! मग कर्नेल शेजारशेजारचे ठोकळे गोळा करून एकदम पाठवतो. त्या मधल्या वेळात तुम्ही पेनड्राइव्ह ओढलात, तर मेमरीतला मजकूर मेमरीतच राहतो आणि फोटो अर्धवट होतात. म्हणून आधी ‘इजेक्ट’ म्हणायचं. त्याचा अर्थ, आहे तेवढं सगळं आत्ता लिहून टाक.

करून पाहा

लिनक्स असलेला लॅपटॉप आणि जाणकार ताई किंवा दादा शोधा. सांगलीत असाल तर फार शोधावं लागणार नाही. तिथे १९४७ साली सुरू झालेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्सची आवड असलेल्या विद्यार्थ्यांचा खास गट आहे.

त्यांना ‘प्रॉक’ फोल्डरातली ‘इंटरप्ट्स’ नावाची फाइल ‘वॉच’ या आज्ञेनं दाखवायला सांगा. दर २ सेकंदांनी आकडे ताजे होतील. बहुतेक लॅपटॉपवर १ नंबरच्या ओळीत कीबोर्डचे इशारे मोजलेले असतात. के चं बटण एकदा पटकन दाबून सोडा. आकडा २ नं वाढेल, एक दाबल्याचा आणि एक सोडल्याचा. आता बाणाचं बटण दाबा. या वेळी ४ नं वाढेल! बाणांची वेगळी बटणं नंतरच्या कीबोर्डवर आली, म्हणून त्यांच्या प्रत्येक नंबराआधी २२४ हा एक जादा आकडा येतो.

मग त्यांना कर्नेलचा मूळ कोड उघडायला सांगा आणि यूएसबी कीबोर्डचा तक्ता शोधा. त्याची सुरुवात अशी आहे : ०, ०, ०, ०, ३०, ४८, ४६, ३२, १८... शून्यापासून मोजत १६ व्या जागी जा. तिथे ५० लिहिलेलं आहे. हा तक्ता कुणीतरी बसून, एकेक आकडा तपासून लिहिला आहे आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. तुम्हाला तो वाचता आला, तर कर्नेलची एक ओळ तुम्हाला कळली. बाकीच्याही ओळी अशाच माणसांनी लिहिलेल्या आहेत, आणि पुढच्या ओळी लिहिणाऱ्यांत तुम्हीही असू शकता.