जुनी मैत्री, मोकळी संध्याकाळ आणि नवे कौशल्य

या टिपणात आपण तीन गोष्टी पाहू:
1. जुनी मैत्री विरळ का होते?
2. त्यामुळे मोकळ्या झालेल्या वेळात नवे कौशल्य कसे शिकावे?
3. हे करताना जुन्या मित्रांशी कसे वागावे?

मी कोलकात्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. पहिले सत्र संपत आले की दरवर्षी कोणीतरी येऊन विचारते, "मॅडम, शाळेतल्या मित्रांशी आता बोलायला विषयच उरत नाही. माझेच काही चुकते आहे का?" अभ्यासक्रमात हा प्रश्न नाही. पण त्याच्या विचारात अनेकांच्या संध्याकाळी मोबाइल चाळण्यात जातात, म्हणून हे टिपण.

1. मैत्री विरळ का होते?

मैत्रीला सहवास लागतो. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास लागतात आणि जवळची मैत्री व्हायला 200 तासांहून अधिक. शाळेत एका बाकावर रोज सहा तास बसलात, तर 35 दिवसांत 210 तास होतात. आता तुम्ही दुसऱ्या शहरात आहात आणि आठवड्यातून एकदा 20 मिनिटे फोनवर बोलता. म्हणजे वर्षाला जेमतेम 17 तास. हिशोब सरळ आहे. इथे कोणाचा दोष नाही, बाक बदलला आहे.

दुसरे कारण आवडीनिवडी बदलण्याचे. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगावर आधारलेली, आनंदावर आधारलेली आणि एकमेकांच्या चांगुलपणावर आधारलेली. पहिल्या दोन प्रकारांत कारण संपले की मैत्रीही ओसरते. पण मित्र मागे पडला तरी जुन्या सहवासाची आठवण ठेवून त्याच्याशी अनोळखी माणसापेक्षा आपुलकीने वागावे, असेही त्याने सांगितले आहे. हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

2. कोलकात्यातली दोन उदाहरणे

*सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा.* हे दोघे प्रेसिडेन्सी कॉलेजातले वर्गमित्र. 1915 मध्ये एम. एस्सी.ला बोस पहिले आणि साहा दुसरे आले. 1916 मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात त्यांना शिकवण्याची संधी मिळाली. नवे भौतिकशास्त्र तेव्हा मुख्यतः जर्मन भाषेत लिहिले जात होते आणि महायुद्धामुळे पुस्तके मिळणे कठीण होते. शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक ब्रूल यांच्या संग्रहातून त्यांनी पुस्तके मिळवली आणि जर्मन वाचण्याइतकी पक्की केली. 1918 मध्ये दोघांचा संयुक्त शोधनिबंध आला. 1920 मध्ये आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील लेखांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. 1921 मध्ये बोस ढाक्याला गेले, 1923 मध्ये साहा अलाहाबादला. रोजचे एकत्र काम संपले, पण मिळवलेली विद्या दोघांकडे राहिली. 1924 मध्ये बोस यांनी ढाक्याहून आपला निबंध आइन्स्टाइनना पाठवला आणि आइन्स्टाइननी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापवला.

*चंद्रशेखर वेंकट रमण.* 1907 मध्ये ते अर्थखात्यातल्या नोकरीसाठी कलकत्त्याला आले. शहर नवे, काम हिशेबाचे. बहूबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये स्थापन केलेली 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था होती. रमण कचेरीच्या आधी आणि नंतर तिथे प्रयोग करत. हा क्रम सुमारे दहा वर्षे चालला. 1917 मध्ये कमी पगार पत्करून ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. 28 फेब्रुवारी 1928 चा रमण परिणामाचा शोध याच संस्थेतला. संस्थेतले साहाय्यक आशुतोष डे हे त्यांचे अनेक वर्षांचे सहकारी झाले.

बोस, साहा आणि रमण यांची बुद्धी असामान्य होती, ती आपण उसनी आणू शकत नाही. पण त्यांची पद्धत घेऊ शकतो: ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि सोबत काम करणारा माणूस. नवी मैत्री बहुधा याच तिसऱ्या गोष्टीतून जन्मते.

3. माझा अनुभव

एम. टेक.साठी मी कोल्हापूरहून इथे आले, तेव्हा संध्याकाळी फार एकटे वाटे. मैत्रिणींचे फोन कमी होत गेले. मी बांगला वाचायला शिकायचे ठरवले. विद्यासागरांचे 'वर्णपरिचय' (1855) घेतले आणि दुकानांच्या पाट्या वाचू लागले. वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळ्या जणी 'माशी' म्हणत, म्हणजे मावशी. मराठी कानाला ते चमत्कारिक वाटे! रात्री जेवणानंतर त्या माझे उच्चार सुधारून देत. सहा महिन्यांत मी बांगला वर्तमानपत्र वाचू लागले. त्या माशी आजही माझ्या घरी येतात.

पण एक चूक झाली. नवे शिकण्याच्या धुंदीत जुन्या मैत्रिणी मला मागे पडलेल्या वाटू लागल्या. मी फोन उचलणे टाळू लागले. त्यांतल्या एकीचे वडील वारले, ते मला दोन महिन्यांनी कळले. मी फोन केला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अगं, तुला त्रास नको म्हणून कळवलं नाही." आपण पुढे गेलो असे मला वाटत होते. खरे तर मी फक्त दूर गेले होते.

4. काय करावे?

- आठवडाभर मोकळ्या वेळाची नोंद ठेवा. अंदाज नको, मिनिटे लिहा.
- एकच कौशल्य निवडा: भाषा, वेल्डिंग, तबला, पायथन, काहीही. तीन महिन्यांत दाखवता येईल असे छोटे काम ठरवा. 'पायथन शिकणे' हे काम होत नाही. 'मेसचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम लिहिणे' हे काम आहे.
- रोज 45 मिनिटे, एकाच वेळी, एकाच जागी. तीन महिन्यांत सुमारे 67 तास होतात.
- साधने विनामूल्य आहेत. एनपीटीईएल आणि स्वयमचे अभ्यासक्रम पाहा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीतही आहेत.
- एक सोबती शोधा. वरच्या 67 तासांत साध्या मैत्रीला लागणारे 50 तास आपोआप भरतात.
- जुन्या मित्रांसाठी महिन्यातून एक फोन राखून ठेवा. विषय नसेल तर घरच्यांची चौकशी करा. आपण काय शिकलो ते सांगण्याआधी त्यांचे काय चालले आहे ते विचारा.

सारांश

मैत्री विरळ होणे हा अपराध नाही आणि मोठेपणाचे लक्षणही नाही. मोकळा झालेला वेळ शिकण्याला द्या, पण जुन्या माणसांसाठी दार उघडे ठेवा.

स्वाध्याय

1. तुमच्या एका जुन्या मित्रासोबतचा शाळेतला आणि यंदाचा सहवास तासांत मोजा.
2. तीन महिन्यांचे एक काम एका वाक्यात लिहा.
3. ज्याला वर्षभर फोन केला नाही, अशा एका मित्राला या रविवारी फोन करा. या प्रश्नाचे उत्तर लिहून द्यायचे नाही.