मडगार्डच्या आतला पत्रा

मुंबईत जुन्या गाडीचे इंजिन थकण्याआधी तिचा पत्रा जातो, आणि तो जायला सुरुवात होते चाकांच्या वर, मडगार्डच्या आतल्या बाजूला. चाक फिरताना रस्त्यावरचे पाणी, रेती आणि चिखल याच कमानीवर आपटतात. बारीक खडीच्या माऱ्याने रंगाचे टवके उडतात, उघड्या पडलेल्या लोखंडाला पाणी लागते, आणि वर चिखलाचा थर बसल्यामुळे ते वाळत नाही. नव्या गाड्यांत या जागी बहुधा प्लास्टिकचे अस्तर असते, पत्र्यालाही अनेकदा जस्ताचा मुलामा असतो. जुन्या गाडीत पत्रा आणि रस्ता यांच्यामध्ये रंग आणि फार तर डांबरी कोटिंग, याखेरीज काही नाही.

अँटॉप हिलचा परिसर अशा पत्र्याची कसोटी पाहतो. पूर्वेला वडाळा-आणिकची मिठागरे आणि पलीकडे खाडी, त्यामुळे हवेत मीठ बारा महिने. मीठ ओल ओढून घेते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की कोरडे मीठही पाझरू लागते, आणि पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वरच असते. म्हणजे महिनाभर जागची न हललेली, वर कव्हर घातलेली गाडीसुद्धा आतून ओलीच राहते. त्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. किंग्ज सर्कल, सायनचे गांधी मार्केट, हिंदमाता ही पाणी तुंबण्याची ठिकाणे इथून जवळ, आणि त्या गढूळ पाण्यातून गाडी काढली की गाळ थेट कमानीच्या सांध्यांत जाऊन बसतो. मुंबई पूर्वचे, एमएच ०३ क्रमांकाचे आरटीओ कार्यालयही इथेच, वडाळा ट्रक टर्मिनलजवळ. पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीला पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची तर गाडी तपासणीला न्यावी लागते.

या शहराने सर्वांत जास्त अंगाखांद्यावर खेळवलेली जुनी मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आलेली ही गाडी १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र आजही चालतात. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. मागच्या पाट्यांचे हँगर, शॉकअब्सॉर्बरचे टेकू हे सगळे कमानीच्या आसपासच्याच पत्र्याला धरून असतात. म्हणून इथला गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, मजबुतीचा आहे.

गंजाच्या जागा ठरलेल्या असतात. मागच्या कमानीची कड, जिथे आतला आणि बाहेरचा पत्रा ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेला असतो, ती पहिली. पुढच्या मडगार्डचे मागचे टोक, जिथे ते दाराखालच्या पोकळ सिलला भिडते, ती दुसरी. हेडलाइटच्या वाटीची पाठ तिसरी. तिन्ही ठिकाणी चिखल साठतो आणि तिन्ही नजरेआड असतात. कडेला बोट फिरवून आतली माती स्क्रूड्रायव्हरने उकरली, तर जानेवारीच्या कोरड्या दिवसांतही ती दमट निघते. तिच्यासोबत तपकिरी पापुद्रे येतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. दोन पत्र्यांमध्ये तो फुगू लागला की सांधा उकलतो आणि बाहेरच्या रंगावर बारीक फोड येतात. फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा अर्धा संपलेला असतो.

कामाची सुरुवात गाडी जॅकवर उचलून, भक्कम घोड्यांवर टेकवून, चाके काढण्यापासून होते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. मग पाण्याचा जोरदार मारा, साबण, ब्रश, आणि पूर्ण वाळवणे. यानंतर स्क्रूड्रायव्हरची मूठ पत्र्यावर ठोकत जायचे: शाबूत पत्रा टणटणतो, कुजलेला भदभद वाजतो. जुने डांबरी कोटिंग कुठे कुठे सुटलेले असते. सुटलेले सगळे खरवडून काढावे लागते, कारण त्याच्या आणि पत्र्याच्या फटीत पाणी दडून बसते.

सगळ्या कामात सर्वाधिक वेळ या खरवडण्याला जातो, आणि जायलाच हवा. वायरब्रश, ग्राइंडरवरची तारेची वाटी, मग ८० नंबरचा कागद, असे करत चकचकीत लोखंड दिसेपर्यंत जावे. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असू शकते. ही धूळ विषारी असल्याने नाकातोंडावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा अनिवार्य. सांध्यांच्या खाचांत हत्यार पोहोचत नाही, तिथे फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक लावतात. ते गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. उरलेले आम्ल पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे धुऊन किंवा पुसून काढले नाही, तर वरचा रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

भोक पडले असेल तिथे कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे हा एकच इलाज आहे. बाजारात सर्रास होते ते वेगळेच: भोकावर जाळी किंवा फायबर, त्यावर लांबी, त्यावर काळा रंग. लांबी पाणी शोषते, मागून गंज चालूच राहतो आणि दोन पावसांत ठिगळ हातात येते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढावी. पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागेच असल्याने मागच्या कमानीजवळ ठिणगी पाडण्यापूर्वी टाकीची व्यवस्था लावावी.

उघडे लोखंड रात्रभर तसे ठेवू नये, इथल्या हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते. त्याच दिवशी पहिला हात बसला पाहिजे. गॅरेजांत नेहमीचा असतो तो रेड ऑक्साइड. तो स्वस्त आणि लावायला सोपा, पण नुसता ठेवला तर पाणी झिरपू देतो. हार्डनर मिसळून लावायचा दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर महाग असला तरी या जागेसाठी तोच योग्य. त्याचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. प्रायमर वाळल्यावर प्रत्येक सांध्यावर पॉलियुरेथेनचे सीलंट ओढतात, कारण पाणी शिरते ते सांध्यातूनच. ही पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते.

त्यावर रंग आणि मग जाड कोटिंग. डांबरी कोटिंग स्वस्त, पण काही वर्षांनी कडक होऊन तडकते. रबरमिश्रित कोटिंग खडीचा मार चांगला झेलते. कोणतेही असो, मारण्यापूर्वी ब्रेकचे ड्रम, रबरी पाइप, शॉकअब्सॉर्बरचा दांडा आणि बुश कागदाने झाकावेत. पाणी निचरण्याची भोके तर कधीही बुजवू नयेत. बुजलेल्या भोकामुळे सिल आतून पाण्याची टाकी होते. पोकळ भागांत शेवटी पातळ मेण फवारतात, ते कडक होत नाही आणि बारीक फटींत सरकत जाते.

न खरवडलेल्या गंजावर मारलेले काळे कोटिंग काहीच न लावण्यापेक्षा वाईट. गंज झाकला जातो, ओल आत कोंडते आणि मालक निर्धास्त होतो. विकण्याआधी कमानी काळ्याभोर केलेली जुनी गाडी घेताना म्हणूनच तिथे आधी ठोकून पाहावे.

या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पत्रा दवाने ओलसर असताना रंग धरत नाही, म्हणून ऊन वर आल्यावरच गन हातात घ्यावी. नंतरची निगा साधी आहे. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालण्याची रीत आहेच. त्या दिवशी चारही कमानी आतून, कडेच्या खाचेत बोट घालून धुवाव्यात, आणि सोसायटीच्या बोअरिंगचे पाणी मचूळ असेल तर ते टाळून नळाच्याच पाण्याने धुवाव्यात.