बॅकअप रोज चालू होता, पण फाईल एकही नव्हती! डेटाबेसचं व्हर्जन बदलताना नेमकं काय चुकतं?

रात्री बारानंतर पैसे पाठवायला जावं आणि बँकेच्या ॲपवर पाटी दिसावी, 'देखभालीच्या कामामुळे सेवा काही वेळ बंद राहील.' आपण दोन शब्द बोलतो, फोन बाजूला ठेवतो आणि झोपून जातो. सकाळी सगळं पुन्हा सुरू झालेलं असतं.

पण त्या 'काही वेळात' पाटीच्या मागे काय चाललेलं असतं? बऱ्याचदा तिथे डेटाबेस सर्व्हरचं सॉफ्टवेअर बदललं जात असतं. ऐकायला हे फोनमधलं ॲप अपडेट करण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात या कामात एखादी छोटी गोष्ट राहून गेली, तर ती कित्येक महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि लक्षात येते, तेव्हा उशीर झालेला असतो.

२०१७ साली 'गिटलॅब' या कंपनीसोबत नेमकं हेच झालं होतं. पण तो किस्सा समजून घ्यायचा, तर आधी डेटाबेस सर्व्हर म्हणजे काय हे समजून घेऊ.

खतावणी आणि मुनीम

जुन्या पेढीवर एक खतावणी असायची आणि ती सांभाळणारा एक मुनीम. खतावणीला हात लावायचा तो फक्त मुनीमजींनी. कुणाची उधारी किती, हे शेटजींनाही त्यांनाच विचारावं लागायचं.

डेटाबेस सर्व्हर हा तसाच मुनीम आहे. तुमचं खातं, पासवर्ड, पोस्ट, कमेंट, लाईक, बँकेतली शिल्लक हे सगळं डिस्कवरच्या खतावणीत लिहिलेलं असतं. ॲप थेट ती खतावणी उघडत नाही. ते डेटाबेस सर्व्हरला विचारतं आणि सर्व्हर पान शोधून उत्तर देतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल ही अशाच मुनीमांची नावं.

आता अपग्रेड म्हणजे काय, तर मुनीम बदलणं. यात दोन प्रकार पडतात.

पहिला प्रकार छोट्या अपडेटचा. समजा पोस्टग्रेस १६.१ वरून १६.२ वर जायचं आहे. यात मुनीम तोच राहतो, त्याच्या एकदोन चुकीच्या सवयी तेवढ्या सुधारल्या जातात. खतावणी लिहिण्याची पद्धत बदलत नाही. नवीन फाईल टाकायच्या, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं.

दुसरा प्रकार मोठ्या अपग्रेडचा. पोस्टग्रेस १५ वरून १६ वर जायचं असेल, तर नवा मुनीम येतो आणि त्याची रकाने आखण्याची पद्धत वेगळी असते. जुनी खतावणी त्याच्यापुढे ठेवली, तर तो काम सुरूच करत नाही. मग एक तर सगळा हिशोब साध्या कागदावर उतरवून नव्या वहीत पुन्हा लिहायचा, नाहीतर खास साधन वापरून जुन्या वहीचे रकाने नव्या पद्धतीचे करून घ्यायचे. पोस्टग्रेसमध्ये पहिल्या कामासाठी 'पीजी डम्प' आणि दुसऱ्यासाठी 'पीजी अपग्रेड' नावाची साधनं आहेत.

मग अपग्रेड करायचंच कशाला?

चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात विचारला जातो. पण प्रत्येक व्हर्जनला एक मुदत असते. पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन साधारण दरवर्षी येतं आणि त्याला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मायएसक्यूएल ५.७ हे व्हर्जन २०१५ साली आलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची मुदत संपली.

मुदत संपली म्हणजे सर्व्हर बंद पडत नाही. तो आधीसारखाच चालत राहतो. पण त्यानंतर सुरक्षेतलं एखादं भोक सापडलं, तर ते बुजवणारी दुरुस्ती येत नाही. लोकांचा डेटा त्या भोकामागे उघडा पडतो. म्हणून अपग्रेड टाळता येत नाही, फार तर पुढे ढकलता येतं. आणि जितकं पुढे ढकलावं, तितकी उडी मोठी होत जाते.

आता गिटलॅबचा किस्सा

गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रामर लोकांना आपला कोड ठेवायला जागा देणारी सेवा. २०१७ साली त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर चालत होता. एक मुख्य सर्व्हर आणि त्याची हुबेहूब नक्कल ठेवणारा एक दुय्यम सर्व्हर, अशी रचना होती.

३१ जानेवारी २०१७ च्या संध्याकाळी मुख्य सर्व्हरवरचा ताण अचानक वाढला. दुय्यम सर्व्हर मागे पडला आणि दोघांमधला ताळमेळ तुटला. आता दुय्यम सर्व्हरवरचा जुना डेटा काढून टाकायचा आणि मुख्य सर्व्हरवरून पुन्हा नक्कल घ्यायची, एवढाच मार्ग होता. रात्री उशिरापर्यंत हे काम चाललं, पण नक्कल काही सुरू होईना. स्क्रीनवर कसला संदेशही येत नव्हता.

आंतरराष्ट्रीय वेळेनुसार रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. भारतात १ फेब्रुवारीची पहाट झाली होती. एका इंजिनियरला वाटलं, दुय्यम सर्व्हरवर जुनं फोल्डर उरलं असावं, ते अडवत असेल. त्याने फोल्डर उडवण्याची कमांड दिली.

एकदोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की समोरची खिडकी मुख्य सर्व्हरची आहे. त्याने कमांड थांबवली. पण सुमारे ३०० जीबी डेटामधले फक्त साडेचार जीबी शिल्लक होते.

दुय्यम सर्व्हर आधीच रिकामा केलेला. मुख्य सर्व्हर आता रिकामा झालेला. पण घाबरायचं कारण नव्हतं, कारण बॅकअप रोज घेतला जात होता.

बॅकअपची जागा उघडली, तर...

दर २४ तासांनी डेटाबेसची पूर्ण प्रत काढून ॲमेझॉनच्या क्लाउडवर ठेवायची, अशी व्यवस्था होती. टीमने ती जागा उघडली. तिथे एकही फाईल नव्हती.

कारण शोधलं तेव्हा धागा व्हर्जनपर्यंत जाऊन पोचला. गिटलॅबच्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये पोस्टग्रेसची दोन व्हर्जन एकत्र येत होती, ९.२ आणि ९.६. कोणतं वापरायचं, हे ते पॅकेज त्या मशीनवरचं डेटाबेसचं फोल्डर पाहून ठरवायचं. पण बॅकअपचं काम डेटाबेसच्या मशीनवर चालत नव्हतं, ते दुसऱ्याच एका सर्व्हरवर चालत होतं. तिथे डेटाबेसचं फोल्डरच नाही. मग पॅकेजने आपलं ठरलेलं उत्तर दिलं, ९.२.

म्हणजे खतावणी लिहिणारा मुनीम नवा, आणि तिची प्रत काढायला रोज रात्री येणारा कारकून जुना. पीजी डम्पचा नियम साधा आहे. आपल्यापेक्षा नव्या व्हर्जनच्या सर्व्हरची प्रत तो काढत नाही, चूक दाखवून थांबतो. रोज रात्री कारकून यायचा, 'मला हे वाचता येत नाही' म्हणायचा आणि रिकाम्या हाताने परत जायचा.

मग हे कुणाला कळलं कसं नाही? काम फसलं की ईमेल जावा, अशी सोय होती. ईमेल जातही होते. पण खरा पाठवणारा कोण हे पटवून देणारी खूण त्या ईमेलवर नीट लागलेली नव्हती, त्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते दारातूनच परत पाठवत होता. बॅकअप फसला होता आणि फसल्याचा निरोपही फसला होता.

क्लाउडवरच्या डिस्कची आपोआप प्रत घेण्याची सोयही होती. ती फाईल ठेवायच्या सर्व्हरसाठी चालू केलेली होती, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नाही.

वाचवलं ते एका योगायोगाने

त्या घटनेच्या सुमारे सहा तास आधी एका इंजिनियरने भलत्याच एका चाचणीसाठी मुख्य डेटाबेसची प्रत हाताने काढून चाचणीच्या सर्व्हरवर ठेवली होती. ती नसती, तर त्याहून जुन्या प्रतीवर समाधान मानावं लागलं असतं.

चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क संथ होत्या. डेटा परत आणायलाच सुमारे १८ तास लागले. या काळात कंपनीने काय काय फसलं ते लोकांपुढे उघड लिहिलं आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. ज्या इंजिनियरकडून कमांड चुकीच्या जागी गेली, त्याचं नाव अहवालात छापलं नाही. कारण अहवालाचा भर 'हे कुणी केलं' यावर नव्हता, 'हे होऊ कसं शकलं' यावर होता.

लोकांचा कोड सुरक्षित राहिला, कारण तो वेगळ्या जागी होता. पण त्या सहा तासांतला बाकी डेटा कायमचा गेला. साधारण ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नव्या खात्यांना याचा फटका बसला.

व्हर्जन बदलताना लपून बसणारे आणखी तीन खड्डे

पहिला खड्डा, परतीचा रस्ता नसणं. मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर गेलेला डेटा त्याच जागी पुन्हा ५.७ वर आणता येत नाही. नवा मुनीम आवडला नाही, तर अपग्रेडच्या आधी काढलेली प्रत हाच एक मार्ग उरतो. ती प्रत नसेल किंवा उघडत नसेल, तर संपलं.

दुसरा खड्डा, अचानक आलेली सुस्ती. कुठल्या पानावर काय आणि किती आहे, याचे अंदाज डेटाबेस स्वतःपाशी लिहून ठेवतो आणि त्यावरून शोधायचा जवळचा रस्ता ठरवतो. पोस्टग्रेस १७ पर्यंत मोठ्या अपग्रेडमध्ये हे अंदाज नव्या व्हर्जनकडे जात नव्हते. ते पुन्हा गोळा करण्याची कमांड द्यायला कुणी विसरलं, तर डेटा सगळा जागेवर असतो, पण सकाळी ॲप गोगलगायीसारखं चालतं. २०२५ साली आलेल्या पोस्टग्रेस १८ पासून यातले बरेचसे अंदाज सोबत येतात.

तिसरा खड्डा सगळ्यात फसवा. यात डेटाबेसला कुणी हातच लावलेला नसतो! 'क्ष' हे अक्षर कुठे शोधायचं? काही ठिकाणी ते 'क' मध्ये असतं, काही ठिकाणी वर्णमालेच्या शेवटी. एकाने 'क्षीरसागर' हे नाव शेवटी लावलं आणि दुसरा ते 'क' मध्ये शोधायला गेला, तर तो सांगणार, असं नावच नाही. अक्षरांचा असा क्रम पोस्टग्रेस बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो. २०१८ साली लिनक्सच्या एका मूळ लायब्ररीने, जीलिबसी २.२८ ने, हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. ज्यांनी फक्त लिनक्स अपग्रेड केलं आणि डेटाबेसच्या सूची पुन्हा बांधल्या नाहीत, त्यांच्याकडे असलेली नोंद सापडेनाशी होऊ शकत होती आणि एकदाच यायला हवी ती नोंद दोनदा शिरू शकत होती.

मग जाणकार लोक काय करतात?

ते आधी बॅकअप घेतात, पण तिथे थांबत नाहीत. तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहतात, नोंदी मोजतात. मग त्याच प्रतीवर अपग्रेडची रंगीत तालीम करतात आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवतात. नव्या व्हर्जनच्या बातमीसोबत येणारी बदलांची यादी वाचतात. प्रत काढणारी साधनंही सर्व्हरच्याच व्हर्जनची आहेत ना, हे तपासतात. किती वाजेपर्यंत जमलं नाही तर माघार घ्यायची, ती वेळ आधीच ठरवून ठेवतात. आणि गर्दी कमी असते म्हणून हे सगळं आपण झोपलेलो असताना करतात.

आपल्यापैकी बहुतेकांना कधी डेटाबेस सर्व्हर चालवावा लागणार नाही. पण फोनमध्ये लेकरांचे फोटो असतात, व्हॉट्सॲपवर गेलेल्या माणसांचे आवाज असतात, दुकानाचा हिशोब असतो. 'बॅकअप चालू आहे' असं सेटिंगमध्ये दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. गिटलॅबच्या टीमलाही आपला बॅकअप चालू आहे असंच वाटत होतं.

तेव्हा आज एवढंच करा. ज्या ठिकाणी तुमचा बॅकअप जातो असं तुम्हाला वाटतं, ती जागा उघडा. शेवटची तारीख पाहा. मागच्या महिन्यातला एखादा फोटो तिथून दुसऱ्या फोनवर उतरवून बघा. उतरला, तर तुमच्याकडे बॅकअप आहे. नाही उतरला, तर ते आज कळलेलं बरं.