चिटाचा झगा आणि राजाची बंदी

चीट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? आजीची गोधडी, लहानपणीचा फुलाफुलांचा परकर. भारी कापडात कुणी त्याची गणना करत नाही. पण याच चिटापायी फ्रान्सच्या राजाने तब्बल 73 वर्षं बायकांच्या कपाटांवर पहारा ठेवला होता, हे वाचलं आणि मी चाटच पडले.

सतराव्या शतकात पूर्वेकडच्या वस्तूंचं फ्रेंचांना अगदी वेड लागलं होतं. तुर्की वकिलाने 1669 मध्ये पॅरिसला येऊन बड्या घरांना कॉफीची चटक लावली. चिनी मातीची भांडी आली, मसाले तर होतेच. पण सामान्य बाईच्या अंगापर्यंत पोचलं ते आपलं कापड. कोरोमंडल किनाऱ्यावरून आणि गुजरातेतून येणाऱ्या या रंगीत सुती कापडाला तिकडे नावच पडलं 'आंदिएन', म्हणजे भारतीय! मोलिएरच्या 1670 च्या नाटकातला नवश्रीमंत जूर्दाँ असाच एक झगा घालून मिरवतो. का, तर थोर माणसं सकाळी हाच घालतात असं शिंप्याने त्याला सांगितलेलं!

गंमत सोडा, बायकांना ते का आवडलं हे आपल्याला सहज कळेल. रेशीम धुता येत नाही, लोकर जड. हे हलकं, धुतलं तरी रंग जात नाही, आणि किंमतही आवाक्यातली.

रेशीम आणि लोकरवाले साहजिकच धास्तावले. 26 ऑक्टोबर 1686 रोजी चौदाव्या लुईच्या दरबारातून हुकूम निघाला की हे कापड आणायचं नाही आणि देशात छापायचंही नाही. पुढे वापरण्यावरही बंदी आली. खिडकीत चिटाचा झगा घालून बाई दिसली, तरी पोलीस दंड ठोकायचे. (लंडनमध्ये तर 1719 साली खवळलेल्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले.) आणि मादाम द पाँपादूर? ती पंधराव्या लुईची लाडकी, म्हणून तिच्या बेलव्ह्यूच्या महालात हेच चोरटं कापड खुशाल सजावटीला! कायदा कुणासाठी असतो ते तिथेही दिसलंच.

तरी त्या विणकरांना मी सरसकट खलनायक ठरवणार नाही. आमच्या वस्तीतल्या शिवणवर्गाच्या बायकांचं काम स्वस्त तयार कपड्यांनी कसं आटतं, ते मी पाहते. पोटावर पाय आला की माणूस आरडाओरडा करणारच. पण त्याची शिक्षा नेसणारीला का, हा माझा प्रश्न आहे.

बंदीने चोरटा व्यापार मात्र फोफावला. 1685 मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर बरेच कारागीर देश सोडून गेले. त्यातल्या काहींनी स्वित्झर्लंडमध्ये छपाई सुरू केली आणि माल सीमेवरून आत येऊ लागला.

रंग पक्का कसा बसतो, हे कोडं मात्र फ्रेंचांना सुटत नव्हतं. ते उलगडलं केर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने. ख्रिस्ती झालेल्या इथल्या कारागिरांना विचारून विचारून त्याने 1742 मध्ये सगळी कृती पत्राने घरी कळवली. ऐकाल तर ती आपल्या स्वयंपाकघरातलीच वाटेल. हिरड्याची पूड म्हशीच्या दुधात कालवायची, त्यात कापड भिजवून उन्हात वाळवायचं. दुधातल्या स्निग्धपणामुळे रंग पसरत नाही. जिथे लाल हवं तिथे तुरटीच्या पाण्याने चितारायचं, काळं हवं तिथे लोखंडाच्या पाण्याने, मग लाल मुळांच्या रंगात उकळायचं. निळ्यासाठी बाकीचा भाग मेणाने झाकून कापड निळीत बुडवायचं. कितीदा धुणं, कितीदा वाळवणं! एकेका कापडामागे दिवसच्या दिवस जात.

1759 मध्ये बंदी उठली. दुसऱ्याच वर्षी ओबेरकांफ या जर्मन वंशाच्या तरुणाने व्हर्सायजवळ जूई गावी छपाईचा कारखाना काढला आणि तो भरभराटीला आला. पण या रंगीत कापडाला एक काळी बाजूही आहे. नाँतच्या बंदरातून हेच कापड जहाजांत भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायचं आणि त्याच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची.

दक्षिण फ्रान्समध्ये, प्रोव्हाँसला, आजही फुलाफुलांचे सुती टेबलक्लॉथ विकतात. त्या छपाईला तिथे अजून 'आंदिएन'च म्हणतात.